अंगठ्याची सवय

त्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत नांदेडहून वडिलांचा, आप्पांचा, फोन आला, तेव्हा शिवकांताच्या एका हातात भाकरीचा तुकडा होता आणि दुसऱ्या हाताने ती आप्पांचीच फाईल दुरुस्त करत होती. तिने फोन स्पीकरवर टाकून डब्याशेजारी ठेवला.

"कांते, पोचली का फाईल?"

"पोचली. आप्पा, पुन्हा पाच जागा सोडल्यात तुम्ही."

"परिच्छेद हाय तो. परिच्छेदाला पाच जागा सोडतेत."

"कागदावर सोडतेत. इथं ओळीच्या सुरुवातीला चार किंवा जास्त जागा दिसल्या की मशीनला वाटतं, हा प्रोग्रॅमचा नमुना आहे. मग सगळा परिच्छेद राखाडी चौकटीत जाऊन बसतो."

"बसू दे की. लोक फोटो चौकटीत लावतेत, वाईट दिसते का?"

कचेरीत समोर बसणाऱ्या रिजवानला ठसका लागला. तो पाण्याची बाटली खाली ठेवून फोनकडे वाकला. "अंकल, सगळंच चौकटीत घातलं तर आमचे प्रोग्रॅम कुठं ठेवायचे? गरिबाच्या पोटावर पाय देऊन राहिलात तुम्ही."

"रिजवान, तुझ्या पोटावर पाय द्यायचा म्हंजे शिडी लागंल बा."

रिजवान पोट धरून हसला. शिवकांताही हसली असती, पण तिला तीन वाजता एक काम द्यायचं होतं आणि स्क्रीनवर आप्पांच्या वाक्यावाक्यामागे दोन-दोन जागा दिसत होत्या. "आणि पूर्णविरामानंतर एकच जागा, आप्पा. एकच. किती वेळा सांगायचं?"

फोनवर थोडा वेळ पंख्याचा आवाज आला.

"सांगत जा," आप्पा म्हणाले. "माझ्या अंगठ्याला आजकाल कमी ऐकू येऊन राहिलं. बाकी काय?"

"बाकी काही नाही. ठेवते."

तिने फोन ठेवला आणि भाकरी संपवली. दिवस मग इतर दिवसांसारखाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडच्या घरात चहाचा कप तोंडाला लावता लावता आप्पा एका बाजूला कलले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आप्पांना, म्हणजे चन्नबसप्पा मास्तरांना, नांदेडमध्ये दोन पिढ्या ओळखत होत्या. वजिराबादेत, एका सायकलच्या दुकानावरच्या माडीवर त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. तलाठी व्हायचं असो, कोर्टात लागायचं असो की रेल्वेत, तो लाकडी जिना चढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. वर एका रांगेत मशीनी मांडलेल्या. सकाळच्या बॅचला खाली रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे, पत्र्यावर गारा पडताहेत. मास्तर मागे हात बांधून फेऱ्या मारत. मशीनकडे न बघता नुसत्या आवाजावरून कोण कुठे चुकलं ते त्यांना कळे, असं पोरं म्हणत. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल.

त्यांची तपासायची रीत मात्र ठरलेली होती. कागद हातात घ्यायचा, तांबड्या पेन्सिलीने चुकीभोवती गोल करायचा आणि परत द्यायचा. चूक नसेल तर कागद तसाच परत. शाब्बास नाही, मान हलवणं नाही. एखादं धीट पोर विचारी, "सर, बरोबर आहे का?" तर म्हणत, "चूक नाही तर बोलायचं काय?"

घरीही तोच कायदा चालत असे. शिवकांताला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, त्या दिवशी त्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "बरं. चहा टाक." तिने चहा टाकला. त्यात काही कमी आहे असं तिला तेव्हा वाटलं नाही. त्या घरात वाढलेल्या माणसाला गोल नसलेला कागद पुरत असे. पुढे तीही तशीच झाली. लातूरच्या कचेरीत नवी पोरं तिच्याकडून काम तपासून घ्यायला बिचकत, ते काही उगाच नाही.

मग टाइपरायटरवरच्या परीक्षा बंद झाल्या. मास्तरांनी वर्षभर आशा धरली, नंतर मशीनी भंगारात गेल्या. माडी रिकामी करून ते घरी बसले. घरी बसणं म्हणजे पेपरच्या घड्या सरळ करणं आणि अव्वाच्या, म्हणजे आई सरजाबाईच्या, डब्यांवरची झाकणं बरोबर लागली आहेत का ते बघणं. "याना काही तरी काम दे बाई, न्हाईतर मी येडी होईन," असं अव्वाने म्हटलं, तेव्हा शिवकांताला उपाय सुचला. ती ज्या कंपनीत होती तिचं 'मांजरा' नावाचं डेटाबेस सॉफ्टवेअर लहान दवाखाने, ग्रंथालयं, बियाण्यांची दुकानं असल्या ठिकाणी चाले. माहिती कशी भरायची, कशी शोधायची, हे समजावणारी सगळी पानं इंग्रजीत होती. मालक भुजंगरावांना ती मराठीत हवी होती. शिवकांता फोनवर एकेक गोष्ट आप्पांना समजावून सांगे, आप्पा ती डोक्यात घोळवत आणि आपल्या शब्दांत लिहून पाठवत.

लिहीत झटपट. पण हात टाइपरायटरचा. परिच्छेदाला पाच जागा, पूर्णविरामानंतर दोन, आणि मथळा पानाच्या बरोबर मध्यावर यावा म्हणून अक्षरं मोजून निम्म्या जागा डावीकडे. टाइपरायटरवर मोकळी जागा म्हणजे फक्त मोकळी जागा. इथे मूळ फाईल वाचून मशीन पान बांधते आणि तिला मोकळ्या जागेतही हुकूम दिसतात. आप्पांची पहिली पानं उघडली, तेव्हा मथळे आणि परिच्छेद असं झाडून सगळं राखाडी चौकटीत जाऊन बसलं होतं. सुरुवातीला शिवकांता प्रत्येक फाईल आली की साफ करी. पुढे काम वाढलं, फायली साचत गेल्या, आणि तिने त्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून ठेवायला सुरुवात केली. सवडीने बघू म्हणून.

नांदेडला ती पोचली तेव्हा अंगणात माणसं जमली होती. अंघोळ घालताना चुलत्यांनी आप्पांच्या उजव्या अंगठ्यावरची चिंधी सोडली. भाजी चिरताना कापलं असेल, असं तिच्या मनात आलं आणि गेलं. मग लिंगायत रीतीप्रमाणे भस्म लावलं, आप्पांना मांडी घालून बसवलं, स्वामींनी डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. मातीत बसलेल्या बापावर माती लोटली जाताना ती बघत राहिली. लोक म्हणाले, पोरगी धीराची.

ती लातूरला परतली, तेव्हा कचेरीत मांजराच्या नव्या आवृत्तीची गडबड चालली होती. भुजंगरावांनी ठरवलं होतं की या वेळी समजावणीची सगळी पानं झाडून-पुसून घ्यायची. वर्षानुवर्षं दहा हातांनी लिहिलेल्या फायली. कुणी टॅब वापरलेला, कुणी स्पेस, ओळींच्या शेवटी उगाच सांडलेल्या जागा. वाचणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, पण पुढे एक ओळ बदलायला जावं तर पन्नास ओळी बदललेल्या दिसतात. रिजवानने त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो प्रत्येक फाईलमधून फिरे, जादा जागा काढी, टॅबच्या जागी स्पेस घाली. इंग्रजी फायली त्याने दुपारभरात स्वच्छ केल्या.

मराठीचं फोल्डर आलं तेव्हा तो खुर्ची ओढून शिवकांताजवळ बसला.

"ताई, अंकलच्या फायली. चालवू का?"

"चालव," ती म्हणाली.

त्याने एका फाईलवर चालवून दाखवलं. परिच्छेद चौकटीतून सुटे झाले, पण खालच्या तक्त्याचा पार चोथा झाला. आप्पांनी नमुन्याचे तक्ते जागा मोजून मांडले होते, नाव, फोन, गाव, प्रत्येक रकाना सरळ रेषेत. फोन नंबर नसेल तिथे तेवढी जागा कोरी. प्रोग्रॅमने सगळ्या जागा आवळून एकेक केल्या. नमुन्यातल्या सिंधुताईंचा फोनचा रकाना कोरा होता. तो नाहीसा झाला आणि फोनच्या रकान्यात त्यांचं गाव, नायगाव, येऊन बसलं.

"हे तर हातानंच करावं लागंल," रिजवान म्हणाला. "कुठली जागा फालतू आणि कुठली कामाची, ते याला कळत नाही." मग तो जरा चाचरला. "आणि ताई, भुजंग सर म्हणाले, सोमवारपर्यंत मराठी पानं साफ झाली तर ठीक. नाहीतर ती काढून टाका, इंग्रजी पानं मशीनकडून भाषांतर करून लावू. म्हणाले, कुणावर रोष नाही, पण चौकटीतली पानं गिऱ्हाइकाला दाखवायला बरी दिसत नाहीत."

"बरोबर आहे त्यांचं."

"मी करू का? शनिवारी बसतो."

"नको. मी करते."

पण तिने केलं नाही. रोज ती पहिली फाईल उघडे. अदृश्य खुणा दाखवण्याची सोय चालू केली की प्रत्येक मोकळ्या जागेवर एक बारीक ठिपका येतो. ओळीच्या सुरुवातीला पाच ठिपके. वाक्य संपलं की दोन. ते ठिपके बघताना तिला अंगठा दिसे. शब्द आठ बोटांचे आणि जागा तेवढी त्या एका अंगठ्याची. फोटो होते, चष्मा होता, सदरे होते. पण आप्पांच्या अंगाची हालचाल जशीच्या तशी कुठे उरली असेल तर ती इथे, या ठिपक्यांत. पानं ठेवायची तर तेच पुसायचं होतं. ते पुसलं नाही तर सोमवारी पानंच जाणार होती. ती एका ठिपक्याशी कर्सर नेई, बोट खोडण्याच्या बटणावर ठेवी, आणि फाईल बंद करी.

शुक्रवारी रिजवानने बघितलं, एकही फाईल हललेली नाही. तो काही बोलला नाही. निघताना एवढंच म्हणाला, "ताई, नांदेडला जाऊन या. अम्मी म्हणते, अशा वेळी घरच्या माणसाजवळ बसलं की हात चालतात."

शनिवारी सकाळच्या एसटीने ती निघाली. अहमदपूर, लोहा, पुढे नांदेड. मांडीवर लॅपटॉपची पिशवी, आणि खिडकीबाहेर काढणीला आलेलं सोयाबीन. घरी पोचली तर अव्वा शेंगा फोडत बसली होती. सरजाबाई म्हणजे बोलून मोकळी होणारी बाई, पण आप्पा गेल्यापासून तीही हिशोबाने बोलू लागली होती, जणू त्यांच्या वाटणीचं गप्प बसणं आता तिच्या अंगावर पडलं होतं.

जेवणं झाल्यावर शिवकांता आप्पांच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली. अव्वा मागून येऊन उभी राहिली.

"हे काय ठिपके ठिपके?"

"आप्पांनी सोडलेल्या जागा. त्या काढायच्यात."

"मग काढ की."

"काढवत नाही, अव्वा."

अव्वाला पहिल्यांदा कळलंच नाही. शिवकांताने समजावून सांगितलं. चौकटी, सोमवार, अंगठा, सगळं. सांगताना तिला वाटत होतं, अव्वा आता डोळ्याला पदर लावेल. अव्वा हसली.

"अगं येडे, त्या जागांपायीच तर चिंधी बांधून बसायचे ते."

"कसली चिंधी?"

"अंगठ्याला. तुझा फोन आला की तोंड एवढंसं करून बसायचे. मग म्हणायचे, सरजा, चिंधी दे. जुन्या धोतराची पट्टी. घट्ट बांधायचे. क्लासात पोरांच्या बोटाला न्हाई का बांधायचे, बोट चुकीच्या ठिकाणी जाया लागलं की? तसंच. चिंधी असली की अंगठा जड पडतो, दुसऱ्यांदा पडायच्या आधी ध्यानात येतं म्हणं. मी म्हणलं, या वयात कशाला तरास, पोरगी करते की साफ. तर माझ्यावरच वसकले. म्हणले, पोरगी बरोबर हाय, मी चुकून राहिलो."

शिवकांताला अंघोळीच्या वेळी चुलत्यांनी सोडलेली चिंधी आठवली.

"सुटली का सवय?" तिने विचारलं.

"कुठली सुटती! पन्नास वर्साची सवय. एक ओळ बरी जायची, दुसऱ्या ओळीला पुन्हा ठक ठक. मग स्वतःलाच शिव्या. लई हसायची मी."

शिवकांताने शेवटच्या महिन्यातल्या फायली काढून बघितल्या. अव्वाचं खरं होतं. सवय सुटलेली नव्हती. पण इथे-तिथे, मध्येच एखाद्या ओळीत, पूर्णविरामानंतर एकच ठिपका. पुढे परत दोन. पुढे परत दोन. मग एक. ज्या ठिपक्यांना ती आप्पांची आठवण म्हणून कवटाळून बसली होती, ते आप्पांच्या लेखी चुका होत्या, आणि त्यांच्याशी ते एकटे, धोतराच्या पट्टीनिशी झुंजत होते. आपलं पान कुणी भावनेपोटी तसंच चुकीचं ठेवलं असतं तर त्यांनी त्या माणसाकडे कसं बघितलं असतं, ते तिला लख्ख दिसलं.

तिने पहिला ठिपका खोडला. मग दुसरा. मग हात चालू लागला.

संध्याकाळपर्यंत परिच्छेद झाले. तक्ते राहिले. तिथे नुसता डोळा पुरेना. कोरा रकाना सरकला तरी कळत नव्हतं. रविवारी सकाळी अव्वाने चहा आणून ठेवला आणि स्टूल ओढून आप्पांच्या कॉम्प्युटरसमोर बसली. "इकडं मूळ फाईल लाव. रुजवात घेऊ."

रुजवात हा तिचा जुना सराव होता. वकिलांचे कागद माडीवर टाइप होत, तेव्हा सरजाबाई मूळ प्रत मोठ्याने वाची आणि आप्पा टाइप केलेल्या प्रतीवर नजर फिरवत. स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा. जुळलं की ऐकणाऱ्याने "हं" म्हणायचं, की पुढे.

तशी रुजवात सुरू झाली. "जन्नतबी, फोन हाय, गाव इस्लापूर."

"हं."

"सिंधुताई, फोनचा रकाना कोरा, गाव नायगाव."

"थांब." शिवकांताने एक जागा वाढवली. नायगाव आपल्या रकान्यात गेलं. "हं."

दवाखान्याचा तक्ता झाला, ग्रंथालयाचा झाला, बियाण्यांचा झाला. झालेली पानं ती रिजवानला पाठवत गेली. दुपारी त्याचा फोन आला. "ताई, बघितली. सगळी नीट बांधली गेली. चढवलीसुद्धा. सरांना आत्ताच सांगून टाकतो, मराठी पानं राहतात म्हणून. आता एकच राहिलं ना?"

"एकच."

ते एक पान आप्पांनी त्या बुधवारी पाठवलेलं होतं. रकान्यात काहीच भरलं नसेल तर मशीन त्याला 'नल' म्हणते, त्याबद्दलचं. शिवकांताने त्या दिवशी त्यातल्या जागाच बघितल्या होत्या. मजकूर वाचायला वेळ नव्हता.

अव्वा चष्मा सारखा करून वाचू लागली. आपण काय वाचतो आहोत ते तिला कळत नव्हतं, पण एकही विराम ती सोडत नव्हती.

"शून्य म्हणजे मोजून पाहिलं आणि काही निघालं नाही, पूर्णविराम. नल म्हणजे अजून कुणी विचारलंच नाही, पूर्णविराम. दोन्ही रकाने दुरून सारखे दिसतात, स्वल्पविराम, पण कोऱ्या रकान्याला शून्य समजणं हा त्या माणसावर अन्याय आहे, पूर्णविराम. आधी विचारून घ्यावं, पूर्णविराम."

अव्वा थांबली. "हं" आलं नाही.

शिवकांता कॉलेजात हे शिकली होती, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, नव्या पोरांना शिकवलंही होतं. इतकं सरळ तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तिने मागची पानं आठवली. तीही अशीच होती. ठिपके खोडता खोडता ती दोन दिवस वाचत आली होती, आणि त्याआधी वर्षानुवर्षं तिने फक्त गोल केले होते.

"कुठं चुकलं का?" अव्वाने विचारलं.

"न्हाई."

"मग हं म्हण की. पुढं जाऊ."

शिवकांताने लॅपटॉपवरचे हात काढून मांडीवर घेतले.

"आप्पा," ती मोठ्याने म्हणाली, "तुम्ही फार चांगलं लिहिता. पहिल्या पानापासून चांगलं लिहिता. मी तुम्हाला एकदाही सांगितलं नाही."